शिष्टमंडळ, वशिला आणि लॉबिंग : वाचकांचे प्रश्न

बेळगावातल्या कर्नाटक विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या तोंडावर लॉबिंग या विषयावर प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी काही निवडून, थोडी छाटून आणि सारखे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं दिली आहेत. पत्रलेखकांची नावं त्यांच्याच विनंतीवरून छापलेली नाहीत.

प्रश्न : आमदाराला भेटून काम सांगणं, वशिला लावणं आणि लॉबिंग करणं यांत फरक तो काय? आणि आपल्याकडे हे कायद्यात बसतं का?
– एक व्यापारी, संकेश्वर

भारतात लॉबिंगला परवानगी देणारा वेगळा कायदा नाही आणि बंदी घालणाराही नाही. मंत्र्याला भेटणं, आमदाराच्या हातात आकडेवारी ठेवणं, संघटनेमार्फत एखाद्या विधेयकाला विरोध करणं हे सगळं घटनेच्या 19 व्या कलमातल्या अभिव्यक्ती आणि संघटना स्वातंत्र्यात येतं. वशिला म्हणजे रांगेत एकट्याचा नंबर पुढे सरकवणं. लॉबिंगमध्ये रांगेचा नियमच बदलायची मागणी असते. अशी मागणी चारचौघांत मांडता येते, निदान मांडता यायला हवी.

गुन्हा सुरू होतो तो मोबदल्यापासून. 1988 च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात 2018 साली मोठी दुरुस्ती झाली. आता लाच घेणारा अधिकारी (कलम 7) आणि देणारा (कलम 8) असे दोघेही आरोपी होतात. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर देणाऱ्याने सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवायचं, तरच त्याला संरक्षण मिळतं. मधल्या माणसासाठी कलम 7अ आहे. ‘साहेब माझ्या शब्दाबाहेर नाहीत’ असं सांगून जो पैसे घेतो, तो स्वतः सरकारी नोकर नसला तरी त्याला तीन ते सात वर्षांची शिक्षा होऊ शकते. आणि मोबदला म्हणजे फक्त रोकड नव्हे. मुलाच्या मेडिकल कॉलेजची फी, लग्नाच्या हॉलचं भाडं, निवृत्तीनंतरची सल्लागाराची खुर्ची हेही त्यात येऊ शकतं.

लोकप्रतिनिधींनाही यातून सूट नाही. 2005 साली प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्यावरून संसदेने 11 खासदारांना घरी पाठवलं. सभागृहातल्या मतासाठी लाच घेतली तरी खटला चालवता येत नाही, हा 1998 चा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने 4 मार्च 2024 रोजी मोडीत काढला.

खरी अडचण या दोन टोकांच्या मधे आहे. पैसा हलत नाही, पण बंगल्यावर जेवण होतं, मसुद्यातला एक शब्द बदलतो आणि त्याची नोंद कुठेच राहत नाही. कोणतंच कलम तिथे पोचत नाही.

प्रश्न : आमची लहान फौंड्री आहे. बेंगळूरचा एक सल्लागार म्हणतो, अनुदान मंजूर करून देतो, झालं तरच दहा टक्के द्या. हे योग्य आहे का?
– एक उद्योजक, उद्यमबाग, बेळगाव

नाही. अर्ज भरणं, प्रकल्प अहवाल करणं, त्रुटी काढून देणं यासाठी ठरीव फी घ्यायला हरकत नाही. तिची पावती आणि जीएसटी असतो. पण ‘मंजुरी मिळाली तर टक्का’ या सौद्यात विकली जाते ती ओळख. सरकारी निर्णय वजन वापरून मिळवून देण्याचा करार हा भारतीय करार कायद्याच्या कलम 23 नुसार सार्वजनिक धोरणाविरुद्ध, म्हणून रद्दबातल ठरतो. पैसे बुडाले तर कोर्टात मागताही येत नाहीत आणि वरचं कलम 7अ डोक्यावर राहतं ते वेगळंच.

वीजदराबद्दल बोलायचं असेल तर सल्लागाराची गरजच नाही. हेस्कॉमचा, म्हणजे आपल्या भागातल्या वीज वितरण कंपनीचा, दरवाढीचा प्रस्ताव आला की कर्नाटक वीज नियामक आयोगाला 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 64 नुसार हरकती ऐकाव्याच लागतात. प्रस्तावाचा गोषवारा वर्तमानपत्रात येतो, मुदत त्यातच दिलेली असते. ‘दर परवडत नाही’ एवढंच लिहिलेली हरकत वाया जाते. मागच्या बारा महिन्यांची बिलं, मेल्टिंगला टनामागे लागलेली युनिटं आणि दर वाढल्यावर टनामागे वाढणारा खर्च असा तक्ता जोडा. आयोगाच्या आदेशात अशा मुद्द्याला उत्तर द्यावं लागतं, आणि तो आदेश पुढच्या वर्षी तुमच्याच उपयोगी पडतो.

प्रश्न : साखर कारखानदार दिल्लीत जाऊन आपलं साधून घेतात, आम्ही रस्त्यावर बसतो. लोकशाहीत दोघांचं वजन सारखं म्हणायचं का?
– एक ऊस उत्पादक, कागवाड तालुका

सारखं नाही. का नाही, हे साखरेइतकं स्पष्ट दुसऱ्या कुठल्या धंद्यात दिसत नसेल.

आधी त्यांची बाजू पाहू. 2018 च्या उन्हाळ्यात साखरेचा भाव कोसळला आणि देशभरात ऊस बिलांची थकबाकी 20 हजार कोटींच्या वर गेली. कारखान्यांच्या संघटना आणि सहकारी कारखान्यांचा महासंघ यांनी केंद्राकडे धाव घेतली. त्या जूनमध्ये साखरेला किलोला 29 रुपयांचा किमान विक्री दर मिळाला आणि फेब्रुवारी 2019 मध्ये तो 31 झाला. त्या पैशातून शेतकऱ्यांचीही बिलं निघाली. साठा किती, उत्पादन खर्च किती, बँकेचं कर्ज कुठे अडलंय, ही माहिती सरकारला धंद्यातल्या माणसांकडूनच मिळते. लॉबिंगचा हा फायदा खरा आहे, तो नाकारू नये.

आता दुसरी बाजू. दोन साखर कारखान्यांमध्ये किमान 15 किलोमीटर अंतर हवं, असा केंद्राचा नियम आहे. महाराष्ट्राने ते 25 केलं. कागदावर ही नुसती तांत्रिक अट आहे. प्रत्यक्षात ती चालू कारखान्याला नव्या स्पर्धकापासून वाचवते आणि तुमच्यापुढचे पर्याय कमी करते. रंगराजन समितीने 2012 साली ही अंतराची अट आणि राखीव ऊस क्षेत्र दोन्ही काढा असं सुचवलं होतं. उपपदार्थांसह मिळणाऱ्या उत्पन्नातला 70 टक्के वाटा उसाला द्या, हेही त्याच अहवालात होतं. अंतराच्या अटीचा फायदा मोजक्या कारखान्यांना भरपूर मिळतो आणि तोटा हजारो शेतकऱ्यांत थोडाथोडा वाटला जातो. म्हणून कारखाना दिल्लीत वर्षभर माणूस ठेवू शकतो आणि शेतकरी हंगामाच्या तोंडाला जागा होतो. त्यात आपल्या जिल्ह्यातल्या अनेक कारखान्यांवर राजकीय घराण्यांची पकड आहे, आणि ती कुठल्या एका पक्षापुरती नाही. मागणारा आणि देणारा एकाच घरात असला की लॉबिंगची गरजही उरत नाही.

रस्त्यावर बसल्याने काहीच होत नाही असं मात्र नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये गुर्लापूर क्रॉसवर टनाला 3,500 रुपयांसाठी धरणं झालं, तेव्हा खुद्द मुख्यमंत्र्यांना कारखानदार आणि शेतकरी दोघांनाही बोलवावं लागलं. पण धरणं हा हंगामाचा उपाय झाला. दराचं सूत्र ठरतं ते कागदावर आणि तिथे तुमची बाजू नेमकी हवी.

सूत्र असं आहे. 2025-26 च्या हंगामाला 10.25 टक्के उताऱ्यासाठी (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, क्विंटलला 355 रुपये. त्यावर उताऱ्याच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला 3.46 रुपये वाढतात. उतारा 11.25 असेल तर 355 अधिक 34.60, म्हणजे क्विंटलला 389.60, टनाला 3,896. हा दर कारखान्याच्या गेटवरचा. तोडणी-वाहतूक त्यातून वजा होते. म्हणजे भांडण तीन ठिकाणी आहे : काटा, उतारा आणि तोडणी-वाहतुकीची कपात. उतारा नुसता 0.1 ने कमी दाखवला तर टनाला 34.60 रुपये जातात. शंभर टन ऊस घालणाऱ्याचे 3,460. सभेत यावर फारसं कोणी बोलत नाही, सगळे गोल आकड्यावर बोलतात. टनाचा दर मागताना उताऱ्याची तपासणी आणि कपातीचा दर जाहीर करण्याची मागणी वेगळी लिहून द्या. ती मान्य करायला सरकारला तिजोरी उघडावी लागत नाही, म्हणून ती पदरात पडण्याची शक्यताही जास्त.

आणखी एक. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस घातल्यापासून 14 दिवसांत बिल द्यायचं, नाहीतर वर्षाला 15 टक्के व्याज. व्याजाची मागणी आपणहून कोणी पुढे आणत नाही. ऊस घातल्याची तारीख, वजनाची पावती आणि बँकेत पैसे जमा झाल्याची तारीख अशा तीन रकान्यांचा गावाचा तक्ता करून साखर आयुक्त आणि जिल्हाधिकाऱ्यांना द्या. शंभर सह्यांच्या निवेदनापेक्षा त्याला उत्तर देणं कार्यालयाला जड जातं.

प्रश्न : बिडीवर कर वाढला की कामगार बायकांचे मोर्चे निघतात, पण पुढे मालकच असतात. हे लॉबिंग कोणाचं?
– एक शिक्षिका, निपाणी

दोघांचं, पण वाटा सारखा नसतो. जीएसटी परिषदेने सप्टेंबर 2025 मध्ये बिडीचा दर 28 वरून 18 टक्के आणि तेंदूपत्त्याचा 18 वरून 5 टक्के करायचं ठरवलं. मागणी मांडताना कामगारांचा रोजगार पुढे होता. तो मुद्दा खोटा नाही, निपाणीत तर नाहीच. प्रश्न एवढाच की कर कमी झाल्यावर हजार बिड्यांच्या मजुरीत किती पैसे वाढले? मागणीपत्रात मजुरीचा आकडाच नसेल, तर कामगारांचं नाव मोर्चापुरतंच होतं असं समजायला हरकत नाही.

या धंद्याचा दुसरा धडा हितसंबंधांच्या टकरावाचा आहे. वेष्टणाच्या 85 टक्के भागावर आरोग्याचा इशारा छापायचा नियम 2015 मध्ये लागू व्हायचा होता. लोकसभेच्या एका समितीने तो पुढे ढकला असं सुचवलं, आणि त्या समितीत बिडीचा मोठा व्यवसाय असलेले खासदार सदस्य होते. देशभर टीका झाली आणि एप्रिल 2016 मध्ये नियम लागू झाला. कर्नाटक उच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये तो रद्द केला, जानेवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. व्यावसायिकाने खासदार होऊ नये असं नाही. पण ज्या नियमाने आपल्या धंद्यावर परिणाम होतो तो चर्चेला आल्यावर त्याने उठून बाहेर जावं, ही अपेक्षा जास्त नाही. राज्यसभेत सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही असते : पगारी संचालकपद, नियमित मोबदल्याचं काम, कंपनीतला नियंत्रक हिस्सा, पगारी सल्लागारी, व्यावसायिक काम अशा पाच खणांची. आमदाराबद्दल पाहायचं असेल तर निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरचं त्याचं फॉर्म 26 मधलं शपथपत्र उघडा. शेअर्स, जमीन, कर्ज, पत्नीच्या नावाची मालमत्ता सगळं त्यात असतं.

प्रश्न : दर अधिवेशनाला आमचं मंडळ सुवर्णसौधजवळ (बेळगावातलं विधानभवन) निवेदन देतं. फोटो पेपरात येतो, पुढे काही होत नाही. चुकतं कुठे?
– युवक मंडळाचे कार्यकर्ते, उचगाव

वेळ चुकते, पत्ता चुकतो आणि कागद चुकतो.

वेळ : आमदाराला सभागृहात प्रश्न विचारायचा असेल तर त्याची लेखी सूचना साधारण पंधरवडाभर आधी सचिवालयात जावी लागते. तुम्ही कोंडसकोप्पच्या आंदोलन मंडपात निवेदन देता तेव्हा त्या अधिवेशनाची प्रश्नांची यादी ठरून गेलेली असते. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमदाराला गाठा आणि प्रश्न स्वतःच मसुद्यासह लिहून द्या : अमुक कामाला कधी मंजुरी मिळाली, किती निधी आला, किती खर्च झाला, काम कधी संपणार. अशा प्रश्नाला खात्याला लेखी उत्तर द्यावं लागतं आणि ते उत्तर कायम तुमच्या हातात राहतं. आपला आमदार दाद देत नसेल तर शेजारच्या मतदारसंघाचा किंवा विधान परिषदेचा सदस्यही प्रश्न विचारू शकतो. जिल्ह्यात विधानसभेच्याच 18 जागा आहेत. अठराही जण ऐकत नाहीत असं सहसा होत नाही. निधी हवा असेल तर राज्याचा अर्थसंकल्प मार्चच्या आसपास येतो. खात्यांचे प्रस्ताव त्याआधी काही महिने तयार होत असतात. फेब्रुवारीत दिलेलं निवेदन पुढच्या वर्षाचं समजा.

पत्ता : गटाराचं निवेदन मुख्यमंत्र्यांना दिलं की ते मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयातून जिल्हा पंचायतीकडे, तिथून तालुका पंचायतीकडे आणि शेवटी तुमच्याच गावच्या पीडीओकडे (पंचायत विकास अधिकारी) येतं. तोवर पावसाळा येतो. काम ज्याच्या सहीने होतं त्याला मूळ प्रत द्या, त्याच्या वरच्याला माहितीसाठी. तालुक्याच्या केडीपी बैठकीआधी (विकासकामांच्या आढाव्याची बैठक) विषय आमदाराकडे पोचला तर अधिकाऱ्याला भर बैठकीत उत्तर द्यावं लागतं. मंत्र्याच्या भेटीपेक्षा हा मार्ग बऱ्याचदा जवळचा पडतो, पण तिथे फोटो मिळत नाही.

कागद : एका निवेदनात एकच विषय, शक्यतो एकच पान. पहिल्या परिच्छेदात मागणी एका वाक्यात. मग कोणत्या आदेशाने किंवा योजनेने ती बसते त्याचा क्रमांक आणि तारीख, अंदाजे खर्च, लाभ होणारी कुटुंबं. सर्व्हे नंबर, नकाशा, फोटो मागे जोडा. बारा मागण्यांच्या निवेदनातली सर्वांत सोपी मागणी मान्य होते आणि बाकीच्या अकरा ‘पूर्तता झाली’ म्हणून फायलीत बंद होतात. टपाल विभागात आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. मंत्र्याच्या स्वीय सहायकाच्या हातात दिलेला कागद नोंदीत येत नाही. महिन्याभराने त्या क्रमांकाचा हवाला देऊन स्मरणपत्र द्या.

प्रश्न : मराठीतलं निवेदन ‘कन्नडमध्ये आणा’ म्हणून परत करतात. तसं करता येतं का?
– खानापूर आणि येळ्ळूरहून दोन पत्रं

गाऱ्हाण्याचं निवेदन परत करता येत नाही. घटनेचं कलम 350 सांगतं की संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत नागरिक गाऱ्हाणं मांडू शकतो. मराठी दोन्ही अर्थांनी त्यात बसते. निवेदनाच्या डोक्यावरच ‘घटनेच्या कलम 350 अन्वये’ असं लिहा आणि घेत नसतील तर पोचपावतीसह रजिस्टर पोस्टाने पाठवा. उत्तर मराठीतच मिळेल अशी हमी मात्र हे कलम देत नाही.

माहिती अधिकाराचं वेगळं आहे. 2005 च्या कायद्यात अर्जाची भाषा इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा अशी आहे. तिथे मराठीवर अडून बसलात तर नुकसान तुमचंच.

तालुका किंवा नगरपालिका क्षेत्रात 15 टक्के भाषिक अल्पसंख्याक असतील तर महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत काढाव्यात, आणि वर्गात 10 किंवा शाळेत 40 मुलं असतील तर प्राथमिक शिक्षण मातृभाषेत द्यावं, हे निकष जुने आणि मान्य झालेले आहेत. ते पाळले जात नसतील तर कलम 350ब खालच्या भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांकडे लिहा. त्यांना आदेश देण्याचा अधिकार नाही. ते राष्ट्रपतींना अहवाल देतात आणि तो संसदेपुढे ठेवला जातो. म्हणून ‘आमच्यावर अन्याय होतो’ एवढ्यावर थांबू नका. वॉर्ड किंवा गावानुसार जनगणनेचा आकडा, शाळेची पटसंख्या आणि कन्नडमध्येच निघालेल्या सूचनांच्या प्रती जोडा. व्यवहाराची गोष्ट म्हणाल तर मराठी निवेदनाला कन्नड भाषांतराचं एक पान जोडावं. त्याने हक्क सुटत नाही आणि टेबलावरच्या कारकुनाला फाईल बाजूला सारायला निमित्त उरत नाही. सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. गावच्या शाळेचा शिक्षक त्या निकालापर्यंत थांबवून ठेवण्यात कोणाचंच हित नाही.

प्रश्न : कोणी सरकारवर दबाव आणला हे सामान्य माणसाला कळू शकतं का? परदेशासारखी नोंदणी इथे का नाही?
– एक पदवी विद्यार्थिनी, चिकोडी

अमेरिकेत 1995 च्या कायद्याने लॉबिस्टला नोंदणी करावी लागते आणि कोणासाठी, कोणत्या विषयावर, किती खर्च केला हे दर तिमाहीला जाहीर करावं लागतं. त्याचा नमुना आपण 2012 साली पाहिला. वॉलमार्टने भारतात शिरकाव मिळावा म्हणून लॉबिंग केल्याचं तिच्या अमेरिकेतल्या विवरणपत्रांतून बाहेर आलं, संसदेत गोंधळ झाला आणि निवृत्त न्यायमूर्ती मुकुल मुद्गल यांची चौकशी समिती नेमावी लागली. भारतात काय घडलं हे अमेरिकेच्या कागदावरून कळलं, कारण इथे तसा कागदच नव्हता. 2013 मध्ये ओडिशाचे खासदार कलिकेश सिंहदेव यांनी नोंदणीचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं. ते कायद्यापर्यंत गेलं नाही. नोंदणी हवी असं आमचं मत आहे, पण तिने पैशाचं वजन कमी होत नाही, फक्त दिसू लागतं. आणि नोंदणी कोणाला लागू याचा उंबरठा चुकीचा ठरवला तर पहिली नोटीस उचगावच्या युवक मंडळाला जाईल, साखर संघटनेला नव्हे.

तोवर माहिती अधिकार वापरा. कर्नाटकात अर्जाला 10 रुपये, एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे. ती ओलांडली की अर्ज फेटाळायला कारण मिळतं. ‘लॉबिंगची माहिती द्या’ असं लिहू नका. ‘अमुक अधिसूचनेच्या मसुद्यावर अमुक ते अमुक तारखेदरम्यान आलेली सर्व निवेदनं आणि त्यावरच्या टिपणांच्या प्रती’ असं मागा. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. पत्र त्रयस्थाने गोपनीय म्हणून दिलेलं असेल तर त्याला विचारण्यासाठी मुदत चाळीस दिवसांपर्यंत जाते. मंत्रिमंडळाचे कागद निर्णय होऊन विषय संपल्यावरच मिळतात, म्हणून तारीख पाहून अर्ज करा. पक्षांना मिळालेल्या 20 हजारांवरच्या देणग्यांच्या याद्या निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतात, आणि 15 फेब्रुवारी 2024 ला निवडणूक रोखे रद्द झाल्यानंतर त्यांचे खरेदीदारही तिथे जाहीर झाले आहेत. देणगीची तारीख आणि निर्णयाची तारीख शेजारी ठेवून पाहण्याचं काम कोणीही करू शकतं. मात्र दोन तारखा जवळ आल्या म्हणजे पुरावा झाला असं नाही.

प्रश्न : बायपाससाठी जमीन जाणार असं ऐकतोय. आमदार म्हणतात, मी बघतो. आम्ही काय करावं?
– शेतकरी, वडगाव-शहापूर शिवार

आमदारांना बघू द्या, पण मुदत त्यांच्यासाठी थांबत नाही. राष्ट्रीय महामार्ग कायद्याच्या कलम 3अ ची अधिसूचना प्रसिद्ध झाली की 21 दिवसांत लेखी हरकत द्यायची. स्थानिक भाषेतली जाहिरात बहुधा कन्नड पेपरात येईल, तेव्हा त्यावर लक्ष ठेवायला कोणालातरी नेमा. गावाची एकच सामूहिक हरकत देऊ नका. प्रत्येक खातेदाराने आपला सर्व्हे नंबर, क्षेत्र, उतारा, विहीर-झाडं आणि पर्यायी मार्ग का शक्य आहे हे लिहून वेगळी हरकत द्यावी आणि सुनावणी मागावी. ती स्वतः किंवा वकिलामार्फत करता येते. हरकतीवरचा सक्षम प्राधिकाऱ्याचा आदेश त्या पातळीवर अंतिम असतो. त्यानंतर कलम 3ड ची घोषणा झाली की जमीन सरकारच्या नावावर जाते, आणि मग कितीही मोठं शिष्टमंडळ नेलं तरी बोलणं फक्त रकमेवर उरतं. ती रक्कम मान्य नसेल तर केंद्राने नेमलेल्या लवादाकडे अर्ज करता येतो.